माफीनाम्याचा नमुना

आमच्या कंपनीत माफीनाम्याचा एक छापील नमुना आहे. तो मीच बनवलाय, नोकरीला लागले त्या वर्षी. मी अमुक अमुक, टोकन नंबर अमुक, दिनांक अमुक रोजी अमुक असे गैरवर्तन केले, सदर चूक मला मान्य असून यापुढे माझ्याकडून अशी चूक होणार नाही, खाली सही. सव्वीस वर्षांत त्या मधल्या रिकाम्या जागेत काय काय भरलं गेलं ते मला विचारा. मशीनला टेकून झोपलो. मित्राचं कार्ड पंच केलं. सुपरवायझरला ‘तू कोण रे’ असे म्हणालो. एकाने तर ‘साहेबांच्या गाडीवर बसून डबा खाल्ला’ असंही लिहून दिलंय. पण मागच्या नोव्हेंबरात सुरेखाचा माफीनामा भरायला बसले आणि त्या जागेत काय लिहायचं तेच मला सुचेना.

कंपनी नगरजवळ नागापूरला, एमआयडीसीत. ट्रॅक्टरचे सुटे भाग बनतात. मी पर्सोनेल बघते, ज्याला आता एचआर म्हणायचं असतं. म्हणजे हजेरी, रजा, नोटिसा आणि कोण कोणाशी बोलत नाही याची खबरबात. महिला कबड्डी संघाची मॅनेजरही मीच, कारण संघ काढायचं ज्या मीटिंगमध्ये ठरलं तिथे मी एकटीच बाई होते. कबड्डीतलं मला तेव्हा ओ की ठो कळत नव्हतं.

सुरेखा त्या संघाची कर्णधार. पाथर्डीच्या पुढच्या एका गावची, बावीस वर्षांची, अंगाने काटक. आईबाप दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. आम्ही तिला खेळाच्या जोरावर कामाला घेतली, दोन वर्षं ट्रेनी म्हणून. एक डिसेंबरला ती कायम होणार होती. ट्रेनी मुली आठ-आठ जणी एका खोलीत राहतात, तिथे घरचं माणूस ठेवता येत नाही. कायम झाली की सुरेखा स्वतःची खोली घेणार होती आणि धाकट्या बहिणीला, निकिताला, फडातून आणून नगरच्या शाळेत घालणार होती. हे तिने मला इतक्या वेळा सांगितलं होतं की मी तिचं कायम झाल्याचं पत्र पंधरा दिवस आधीच टाईप करून ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं. फक्त काकासाहेबांची सही राहिली होती.

काकासाहेब आमचे मालक. माणूस वाईट नाही. तीनशे कामगारांची नावं तोंडपाठ, कोणाच्या घरी मयत झाली तर स्वतः जातात. पण त्यांना दुसरी शेड टाकायची आहे, शेडला पाणी पाहिजे, आणि पाण्याचा कागद जिथे अडकलाय तिथून तो फक्त भाऊंच्या शब्दाने हलतो. भाऊ म्हणजे आमच्याकडचे पुढारी. त्यांचं नाव कोणी घेत नाही, नुसतं भाऊ म्हणतात.

तर कंपनीचा वर्धापनदिन, आमच्याच मैदानावर कबड्डीची फायनल आणि बक्षिसाला भाऊ. सुरेखाने शेवटच्या चढाईत दोन गडी मारले आणि आम्ही एका गुणाने जिंकलो. मी मॅनेजर असूनही खुर्चीवर उभी राहून ओरडले, हे कबूल करते. मग भाऊ चाळीस मिनिटं बोलले. या वर्षी आपल्या भागातलं एकही लेकरू उसाच्या फडात गेलेलं नाही, मागे राहणाऱ्या लेकरांसाठी गावोगावी वसतिगृहं चालू झालीत, असं म्हणाले. टाळ्या झाल्या. मग निवेदकाने जाहीर केलं की आता विजयी संघाची कर्णधार आपलं मनोगत व्यक्त करील.

ही आपल्याकडची एक गंमतच आहे. माणसाच्या हातात माईक द्यायचा, मनोगत व्यक्त करा म्हणायचं, आणि त्याने खरंच मनातलं सांगितलं की सगळ्यांच्या पोटात गोळा. म्हणून मी मनोगत चिठ्ठीवर लिहून देते. दर वर्षी त्याच चार ओळी: मालकांचे आभार, पाहुण्यांचे आभार, प्रशिक्षकांचे आभार, जय महाराष्ट्र. सुरेखाने चारही ओळी नीट वाचल्या. चिठ्ठीची घडी घातली. आणि त्याच आवाजात पुढे म्हणाली, “भाऊ म्हनले, एकबी लेकरू फडात न्हाई. माझी बहीन निकिता मंगळवारी गेली आईबापासंगं. आमच्या गावातल्या वसतिगृहाला कुलूप हाय. तेवढं बघा. धन्यवाद.”

नमस्कार करून ती खालीही उतरली. भाऊ हसले, “पोरगी धीट आहे,” म्हणाले आणि गाडीत बसले. मी कपाळावर हात मारून घेतला. अगं बाई, एक डिसेंबरला तेरा दिवस राहिले होते! तेरा दिवस तोंड मिटून बसता येत नाही?

संध्याकाळी भाऊंच्या माणसाचा काकासाहेबांना फोन आला. सकाळी काकासाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

“मॅडम, कामाच्या ठिकाणी राजकारण चालणार नाही. नियम आहे ना आपला?”

“आहे. चौदा नंबर.”

“मग माफीनामा घ्या तिचा. माझी माहिती चुकीची होती, असं स्पष्ट लिहून. माईकवर वाचायला लावा, व्हिडिओ काढा, मी भाऊंना पाठवतो. तो झाला की कायमचं पत्र आणा, मी सही करतो. नाही झाला तर पत्र आणू नका.”

चौदा नंबरचा नियम. कामाच्या ठिकाणी राजकीय मत व्यक्त करू नये. मीच टाईप केलेला, आणि तो आजवर कोणाला लावल्याचं मला आठवत नाही. लावायचा म्हटला तर कॅन्टीन बंद करावं लागेल. तिथे डबा उघडायच्या आधी राजकारण उघडतं. पत्रांवर शहराचं जुनं नाव लिहायचं की नवं यावरून तर दोन टेबलं वर्षभर एकमेकांना भाजी देत नव्हती. मी आपली पत्रावर सरकारी नाव लिहिते, तोंडाने नगर म्हणते आणि जेवते. मधूनच कोणीतरी माझ्याकडे वळून विचारतं, “मॅडम, तुमच्या लोकांचं काय म्हणणं आहे यावर?” माझे लोक म्हणजे कोण? पर्सोनेलवाले? सव्वीस वर्षं मी या प्रश्नावर हसून पाणी पीत आले आहे. इतकं पाणी प्यायलेय की काय सांगू. माझं मत काय, हे या कंपनीत एकालाही माहीत नाही आणि याचा मला अभिमान वाटायचा.

केबिनमधून बाहेर आले तर रामहरी दारातच. हा आमचा शिफ्ट सुपरवायझर, कर्जतचा. हेल्मेटवर भाऊंच्या पक्षाचं स्टिकर.

“मॅडम, तिनं बोलायलाच नको हुतं,” रामहरी म्हणाला. “कामाच्या ठिकानी राजकारन आनायचं न्हाई म्हंजी न्हाई. मी तर लई कडक हाय त्या बाबतीत.”

एवढ्यात त्याचा फोन वाजला. रिंगटोन पक्षाच्या प्रचाराचं गाणं, तेही ढोल-ताशासकट. त्याने शांतपणे फोन उचलला. मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं.

जेवणाच्या सुट्टीत सुरेखाला बोलावलं. दार लावलं आणि आधी मनसोक्त ओरडून घेतलं. डोकं ठिकाणावर आहे का, एवढं पत्र तयार असताना, निकिताचा तरी विचार करायचा, तेरा दिवस थांबली असतीस तर काय आभाळ कोसळणार होतं. ती गुडघ्याला खरचटलं होतं तिथली खपली बघत बसली होती.

“कायम झाल्यावर बोल म्हंता?” ती म्हणाली.

“हो! तेव्हा कोणी हात लावू शकलं नसतं.”

“तवा तरी बोलले असते का मी, मॅडम? तुमी तर किती वर्साच्या कायम हायेत.”

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, मला अजून ओरडता आलं असतं. मी नमुना पुढे ओढला, नाव लिहिलं, टोकन नंबर लिहिला, तारीख लिहिली. आणि पेन थांबलं. ‘माझी बहीण ऊसतोडीला गेली असे म्हणाले, असे गैरवर्तन केले’? बहीण तर गेली होती. ‘चुकीची माहिती दिली’? कुलूप तर होतं.

“तुमी काय लिव्हायचं ते लिव्हा, मी सही करते,” सुरेखा म्हणाली. “माईकवर वाचतेबी. मला ती नोकरी पायजे. फकस्त आधी निकिताला फोन लावून सांगा, तू फडात न्हाईस म्हनून.”

“वेडेपणा करू नकोस.”

पण तिने फोन लावून माझ्या हातात दिलाही होता. पलीकडे आईचा फोन निकितानेच उचलला. मागे कोणीतरी बैलांवर ओरडत होतं.

“ताई?”

“ताई नाही, ताईच्या कंपनीतली मॅडम बोलतेय.”

“व्हय का? मॅडम, ताई कायम झाली का?” अकरा वर्षांचा आवाज, धावत आल्यासारखा. “मला म्हनली, डिशेंबरात न्यायला येते. मी दप्तर संगं आनलंय. खोपीत वर टांगलंय, खाली उंदरं कुरतडत्यात.”

मी काहीतरी हं-हूं केलं आणि फोन सुरेखाला दिला. त्या दोघी बोलत राहिल्या. मला प्रचंड राग आला होता. सुरेखाचा, काकासाहेबांचा, भाऊंच्या त्या चाळीस मिनिटांचा, आणि सगळ्यात जास्त त्या नमुन्याचा, जो मीच इतका छान आखून ठेवला होता.

आणि तेव्हा मला सभा आठवली. सप्टेंबरमध्ये भाऊंची सभा होती. गर्दी कमी पडू नये म्हणून काकासाहेबांनी कंपनीच्या दोन बसमधून साठ कामगार पाठवले होते. रामहरी पुढच्या सीटवर झेंडा घेऊन. त्या साठ जणांची त्या दिवसाची हजेरी मी ‘कामावर’ अशी लावली होती, काकासाहेबांच्या तोंडी सांगण्यावरून, माझ्या सहीने. सुरेखाचं नावही त्यात होतं. तिला तिथे टाळ्या वाजवायला नेलं तेव्हा ते राजकारण नव्हतं.

मी अर्धा भरलेला कागद फाडला आणि नवा घेतला.

चार वाजता केबिनमध्ये गेले. काकासाहेबांनी कागद घेतला, खिशातून चष्मा काढला आणि वाचू लागले. मी शकिला, पर्सोनेल विभाग, टोकन नंबर एकतीस, अमुक तारखेस राजकीय सभेस नेलेल्या साठ कामगारांची हजेरी ‘कामावर’ अशी लावली, असे गैरवर्तन केले, सदर चूक मला मान्य असून यापुढे माझ्याकडून अशी चूक होणार नाही. खाली माझी सही, तारीख, सगळं नियमाप्रमाणे.

त्यांनी दोनदा वाचला.

“हे काय आहे?”

“माफीनामा. नियम चौदा. माईकवर वाचते मी, व्हिडिओ काढा.”

“मला धमकी देताय?”

“नाही काकासाहेब. मी वैतागलेय.” आवाज चढला होता, पण खाली आणायचं काही कारण दिसेना. “सव्वीस वर्षं सगळ्यांची मतं ऐकतेय मी. तुमचं, रामहरीचं, कॅन्टीनमधल्या दोन्ही टेबलांचं. झेंडा चालतो, स्टिकर चालतं, बस चालते. एका पोरीने माझी बहीण फडात आहे म्हटलं की ते मात्र राजकारण. मी आत्ता त्या बहिणीशी फोनवर बोलून आलेय. ती फडातच आहे. आता तुम्हीच सांगा, चुकीची माहिती कुठली? तेवढी सांगा, मी लगेच लिहून आणते.”

काकासाहेबांनी कागद टेबलावर ठेवला. मग बेल दाबून दोन चहा सांगितले. चहा आला आणि तसाच थंड झाला. हा माणूस माझ्या मुलीच्या लग्नात वाढायला उभा होता, हे मला तेव्हा नेमकं आठवत होतं आणि त्याचाही राग येत होता.

“भाऊंना काय सांगू?” ते शेवटी म्हणाले.

“कुलूप आहे का ते बघून या म्हणावं. गावापर्यंत जीप जाते.”

“हा कागद फाईलला लावू नका, मॅडम.”

“मग कोणता लावू?”

त्यांनी हात पुढे केला. मी सोबत आणलेलं सुरेखाचं पत्र दिलं. त्यांनी सही केली, पेनचं टोपण लावलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “पुढच्या वर्षीपासून मनोगत नको. नुसतं बक्षीस.” ते परिपत्रक त्याच संध्याकाळी मी टाईप केलं. माझा माफीनामा मात्र मी फाडला नाही. ड्रॉवरमध्ये पत्राची जागा रिकामी झाली होती, तिथे ठेवला.

शेडला पाणी अजून आलेलं नाही. त्यावरून कॅन्टीनमध्ये लोक माझ्याकडे बघतात. ‘तुमच्या लोकांचं काय म्हणणं’ असं मात्र कोणी विचारत नाही. विचारलं तर मी सांगेन, अशी भीती बसलीय बहुतेक.

सुरेखाने पत्र वाचलं, घडी करून ओढणीच्या टोकात बांधलं आणि थँक्यू वगैरे काही न म्हणता रजेचा अर्ज मागितला. माझ्या टेबलावरच भरायला बसली. ‘रजेचे कारण’ या रकान्यात आमच्याकडे सगळे ‘घरगुती काम’ लिहितात; मीच शिकवलंय सगळ्यांना, म्हणजे पुढे कोणी काही विचारत नाही. तिने बारीक अक्षरात लिहिलं, ‘बहिणीला उसाच्या फडातून शाळेत आणण्यासाठी.’

“अगं, घरगुती...” मी म्हणाले आणि थांबले.

तिने वर बघितलं. “काय मॅडम? चुकलं का काय?”

“नाही,” मी म्हणाले आणि मंजुरीच्या जागी सही केली.