डॉक्टरांच्या मशीनवरची यादी

केशवराव डॉक्टरांनी दिलीप कंपाउंडरच्या कानाखाली जी वाजवली, ती अर्ध्या पांढुर्ण्यानं ऐकली. आणि खरं सांगायचं तर पठ्ठ्यानं ती कमावलीच होती. दवाखान्याची बिलं करायला डॉक्टरांनी नागपूरहून शिवणयंत्राएवढा, उचलून नेता येणारा कॉम्प्युटर आणला होता. कंपनीनं तो फक्त स्वतःच्या सिस्टीमवर चालावा म्हणून बनवलेला. दिलीपनं महिन्याभरात ती सिस्टीम काढली आणि कॉलेजातल्या मित्राच्या फ्लॉप्यांवरून दुसरीच चढवली. कंपनीचा माणूस गॅरंटी गेली म्हणून बोंबलत परत गेला. थप्पड त्याच दिवशीची.

पण त्या परक्या सिस्टीमवर दिलीपनं एक यादी केली. पांढुर्ण्यात आणि नदीपल्याडच्या सावरगावात घरोघरी फिरून, लोकांची बोटं टोचून, कोणाचं रक्त कोणत्या गटाचं ते त्यात भरलं. गट टाकला की नावं समोर. मग डॉक्टरही वरमले, आणि दिलीपचे पाय जमिनीला लागेनात.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार. जाम नदीच्या मधात सावरगाववाले पळसाचं झाड रोवतात, पांढुर्णेवाले ते तोडायला धावतात, आणि झाड तुटेपर्यंत दोन्ही काठांवरून दगडांचा मारा. कोणाचा डोळा जातो, कोणाचा जीव. दिलीपला या खेळाची चीड होती. जन्मात त्यानं तिथं एक गोटा उचलला नव्हता.

त्या दुपारी चौघांनी उचलून आणला तो त्याचाच धाकटा भाऊ मुकुंद. दगड पोटावर बसला होता, आत रक्त साचून राहिलं होतं, ओठ पांढरे पडले होते. डॉक्टर म्हणाले, रक्त आल्याशिवाय पोट उघडता येणार नाही, आणि नागपूरपर्यंत हा टिकणार नाही. गट ओ निगेटिव्ह. दिलीपचा स्वतःचा जुळत नव्हता. त्यानं मशीनला विचारलं. दोन गावांत मिळून एकच नाव आलं: शालिकराम, सावरगाव.

आणि तेव्हा दिलीपच्या डोक्यात उजेड पडला. घरांचे पत्ते त्यानं लिहिले होते, पण आज घरी होतं कोण! रक्त द्यायला तयार असलेले सगळे नदीत एकमेकांचं रक्त काढून राहिले होते.

तो धावला. पूल पोलिसांनी बंद केलेला, म्हणून सरळ पाण्यात उतरला. दवाखान्याचा पांढरा कोट पाहून लोक थांबतील असं त्याला वाटलं होतं. कोणी थांबलं नाही. एक दगड खांद्यावर बसला, एक गुडघ्यावर, दोन आपल्याच काठावरून आले. खुरडत खुरडत तो झाडापाशी पोचला. तिथं शालिकराम गुडघाभर पाण्यात झाडाला पाठ लावून उभा, कपाळ रक्तानं माखलेलं, डोळे पेटलेले.

दिलीपनं हात जोडले. भाऊ मरून राहिला, अर्धा तास चल, असं रडत सांगितलं.

शालिकरामनं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता हो. "झाड तुटल्याबिगर मी हालत नाही, दिलीप. माहा बाप इथं उभा होता, त्याचा बापही. झाड तुटलं की येतो. मंग सारं रक्त काढून घे."

"तोवर तो मरते, शालिकभाऊ."

"मंग तुह्या गावाले सांग, लवकर तोडा."

दिलीपच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. पायाखालचा गोटा कधी हातात आला आणि कधी सुटला, त्याचं त्यालाच कळलं नाही. तीन हातांवरून मारलेला दगड. कानशिलावर बसला, आणि शालिकराम झाडाच्या बुंध्यावरून घसरत पाण्यात गेला.

पांढुर्ण्याच्या काठावर एकच जल्लोष उठला. दिलीपनं मारला, कंपाउंडरनं मारला म्हणून पोरं नाचू लागली, कुऱ्हाडी घेऊन झाडाकडं धावली. दिलीपनं शालिकरामचं डोकं कसंबसं पाण्याबाहेर ओढून छातीशी धरलं होतं, आणि त्या जखमेतून वाहणारं रक्त तो दोन्ही तळव्यांनी आत दाबत होता.