धुतलेला कोंडा

तान्ह्या भीमराजनं पुन्हा तोंड फिरवलं. शालननं पदराखालीच त्याला दुसऱ्या अंगाला घेतलं, तर तो पाठीची कमान करून असा किंचाळला की गेटवरचा वॉचमन वळून बघायला लागला.

"तुझ्या अंगाचा ब्लीचिंगचा वास येतोय लेकराला," सोजराबाई म्हणाली. जेवणाच्या सुट्टीत सासू नातवाला घेऊन भोसरीच्या या कारखान्याच्या दारात यायची. "अंघोळ केली होतीस ना?"

"दोनदा केली, आत्याबाई. डाळीचं पीठ लावून."

"मग आता काय कातडं सोलतीस?" सासू म्हणाली, आणि लगेच तिच्या पाठीवरून हात फिरवला.

कारखाना लहानच. गव्हाचा कोंडा कॉस्टिक सोड्यात शिजवायचा, ब्लीचिंगच्या पाण्यात पांढरा करायचा, धुऊन वाळवून दळायचा. ती पावडर बिस्किटांत जायची. बाळंतपणाआधी शालन चाळणीवर होती. परत आली तर तिथं दुसरी बाई बसलेली, म्हणून तिला ब्लीचिंगच्या हौदावर टाकलं. तेव्हापासून पोर अंगावर प्यायचं बंद झालं. वाटीचमच्यानं पाजलेलं म्हशीचं दूध तो ओकून टाकायचा. मांड्या काटकुळ्या झाल्या होत्या. नवऱ्याच्या कंपनीला टाळं लागलेलं. काम सोडून घरी बसावं, तर चूल पेटायची कशी?

चाळणीवर परत घ्या म्हणून तिनं मालकांना, विलाससाहेबांना, विनवलं होतं. पण ते आपल्याच काळजीत. बेकरीनं माल परत पाठवला होता, बिस्किटांना धुण्याचा वास येतो म्हणून. "एवढा माल पास होऊ दे, मग बघू," ते म्हणाले होते. मग त्यांनी ब्लीचिंग कमी केलं, गरम पाणी वाढवलं, मधल्या एका पाण्यात लिंबूसत्त्व घातलं. बाया फडक्यात कोंडा पिळून पिळून थकल्या.

आज साहेब थाळीत ताजी पावडर घेऊन स्वतःच बाहेर आले. आधी त्यांनी ती हौदावरच्या जुन्या केसरबाईच्या नाकाखाली धरली.

"मला नगा इचारू, साहेब. माजं नाक मेलंय. भाकरीलाबी ब्लीचिंग लागतंय."

"माझंही तेच झालंय. मग सांगणार कोण?"

केसरबाईनं भीमराजकडे हात केला. "ह्यो बगा इन्स्पेक्टर. सख्ख्या आयलाबी पास करीत न्हाई."

बाया हसल्या. शालनही हसली, कसनुशी. साहेबांनी खरंच थाळी पोरापुढे धरली.

त्याचं रडणं थांबलं. टकामका बघत तो पुढे झुकला, आणि नाकाला पीठ लागलं तरी मागे सरला नाही.

"जमलं!" साहेब ओरडलेच.

शालननं पोराचं नाक पदरानं पुसलं. "साहेब, मग मी उद्यापास्नं चाळणीवर?"

"आता कुठली चाळणी? अहो, तुमच्या हातचं धुणं आहे हे. मोठी ऑर्डर येणार. तुम्हाला हौदावरच कायम करतो. कायम, बरं का!"

साहेब थाळी घेऊन आत पळाले.

"कायम म्हंजे चांगलंच की," सोजराबाई म्हणाली, पण नातवाकडे बघेना.

शालननं त्याला पुन्हा छातीशी धरलं. "पी रे राजा. एवढंच पी." त्यानं मान वळवली. भोंगा वाजला तशी तिनं पोर सासूकडे दिलं आणि शेडच्या मागे गेली.

छाती दगडासारखी झाली होती. भिंतीकडे तोंड करून ती दूध पिळू लागली. खाली गटारातून कोंड्याचं धुवण वाहत होतं, कोमट, पांढरट. दूध त्यात पडलं आणि वेगळं दिसेना.

मागे पावलं वाजली. केसरबाई आली होती. ती पाठ करून उभी राहिली आणि दोन्ही हातांनी पदर पसरून तिनं आडोसा केला.

आतून सुपरवायझरनं हाक मारली.

"येतोय, राव!" केसरबाई ओरडली. "जरा दम धरा की!"