गिऱ्हाइकाची लाँच

"अजून थोडी ओढा ना तिकडून. नाक दिसून राहिलंय तिचं," सिंधु ओसरीवरून म्हणाली.

शेषेराव ताडपत्रीचं टोक धरून लाँचभोवती फिरला. पुढून झाकली की मागून उघडी पडे, मागून ओढली की पुढचं टोक बाहेर. ट्रकच्या मापाची ताडपत्री ती, तिला पाण्यातल्या वस्तूचा अंदाज कुठून असणार? शेवटी त्याने दोर आवळला.

"आता हिला काय कपाटात ठेवू का मी?"

"मावली असती तर मीच ठेवली असती," म्हणून सिंधु पोहे भिजवायला आत गेली.

हदगावहून पाहुणे येणार होते, लेकीला, दीपमालाला बघायला. मुलगा शाळेत मास्तर, घरची शेती, माणसं बोलूनचालून चांगली. अशा दिवशी लोक दारातली मोडकी बाज हलवतात, भिंतीला चुना मारतात. सिंधुच्या दारात आख्खी लाँच उभी होती, तीही वर केबिन असलेली. ती हलवायची म्हणजे क्रेन बोलवावी लागली असती.

शेषेराव नांदेडात देगलूर नाक्याजवळ ट्रकच्या बॉड्या बांधायचा. एकदा जुने पत्रे बघायला भंगाराच्या आवारात गेला आणि ही बघून आला. कधीकाळी साहेब लोकांना धरणाच्या पाण्यातून फिरवणारी लाँच. अंग सागवानी, पण फळ्यांच्या फटींतून बोट जाई, आणि इंजिन गंजून नुसता धोंडा झालेलं. फुकट दिली तरी कुणी नेली नसती. शेषेरावने स्वतःची मोटारसायकल देऊन ती घेतली. क्रेनला लटकून लाँच गल्लीत आली आणि मालक तिच्या मागून पायी पायी आला. लोकांच्या दारात हत्ती झुलतात, याच्या दारात हे धूड.

मग काय, गल्लीला आयतंच निमित्त मिळालं. "वहिनी, गंगेला पूर आला की आम्हालाबी घ्या बरं का," असं नळावरच्या बायका म्हणत. नांदेडात गोदावरीला गंगाच म्हणतात. पोरं सिंधुला जहाजकाकू म्हणायला लागली. तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. नवऱ्याने दारू प्यायली तर चार माणसांत कपाळाला हात लावून सांगता तरी येतं. नवरा लाँच दुरुस्त करतो, हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

शेषेराव मात्र कामावरून आला की त्या लाँचमध्ये शिरायचा. नवीन फळ्या घालायचा, फटींत कापसाचा पीळ ठोकून वर डांबर भरायचा. जुम्म्याची नमाज झाली की त्याचा दोस्त करीम मिस्त्री इंजिन खोलायला यायचा. "वहिनी, गंगेवर विष्णुपुरीच्या धरणात उतरवू हिला, मग बघा शान," करीम म्हणायचा. शेषेरावही म्हणायचा, "एकदा आत येऊन तर बघ." सिंधु एकदाही चढली नाही. मला काय करायचंय तिथं, एवढंच तिचं उत्तर.

एकदा मात्र ती पाटावर बसून तूर पाखडत होती, तेव्हा शेषेराव टेप घेऊन आला आणि तिच्या गुडघ्यापासून टाचेपर्यंत माप घेऊन गेला. सिंधु चणीने लहान. खुर्चीवर बसली की तिचे पाय वर लोंबकळायचे, म्हणून लग्नकार्यात ती खुर्ची टाळून सतरंजीवर बसायची. तो पाय मोजतोय हे पाहून ती कावली. "आता माझीबी बॉडी बांधता का?" तो नुसता हसला.

पाहुणे आले. पोहे झाले. दीपमाला पानसुपारीचं तबक घेऊन आली, बसली, नाव-गाव-शिक्षण सांगून झालं. सगळं मनासारखं चाललं होतं. तेवढ्यात मुलाची आई, केवळाबाई, दाराबाहेर बोट दाखवून म्हणाली, "हे काय हो बाई एवढं झाकून ठेवलंय?"

दोर ढिला होऊन लाँचचं नाक बाहेर आलं होतं. त्यावर शेषेरावने ट्रकवर काढतात तसला मोर रंगवलेला. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. सिंधुच्या तोंडून निघून गेलं, "गिऱ्हाइकाची हाय. दुरुस्तीला आलेली."

"मी तेच म्हणलं," मुलाचा बाप हसला. "नांदेडात राहून लाँच घेणारं गिऱ्हाईक म्हंजी लई येडं दिसतंय."

सगळे हसले. सिंधुही हसली. नुसती हसून थांबती तरी बरं होतं. ती म्हणाली, "हाव, येडंच हाय ते. आमचं दार अडवून ठेवलंय निस्तं."

मग तिने वर पाहिलं. शेषेराव पाण्याच्या गिलासांचा ट्रे घेऊन दारात उभा होता.

"हाव," तो म्हणाला. "जरा येडसर हाय माणूस." आणि एकेका पाहुण्यापुढे ट्रे धरत तो सगळ्यांत शेवटी तिच्यापाशी आला.

दीपमाला पसंत पडली. पाहुणे गेल्यावर पोरीने आईकडे पाहून एवढंच म्हटलं, "आई, तू बाबाला येडं म्हणलीस." घरात आनंदाची बातमी असून सिंधुला पेढा गिळवेना.

दुसऱ्या दिवशी शेषेराव न्याहारी करता करता म्हणाला, "निलंग्याकडचा एक हॉटेलवाला हाय. रस्त्याच्या कडंला लाँच ठेवून लोकांला तिच्यात जेवायला बसवणार म्हणतो. त्याला देऊन टाकतो."

सिंधुची भाकर तव्यावरच राहिली. "अन् विष्णुपुरी?"

"पुढल्या महिन्यात सोयरे पोरीला कुंकू लावायला येऊन राहिलेत. गिऱ्हाइकाची वस्तू तवर दारात कशी राहील? केवळाबाई विचारतीलच."

"अहो, मी आपली घाबरून बोलून गेले. सांगू की आपण खरं."

"काय सांगणार? पोरीची आई खोटं बोलली म्हून? पोरीला जन्मभर ऐकून घ्यावं लागंल." त्याने ताट सरकवलं. "तू एकदा बोललीस ना, मग तुझा शब्द खाली पडायचा न्हाई."

तो ओरडला असता, ताट आपटलं असतं, तर सिंधुला बरं वाटलं असतं. भांडायला तोंड तरी मिळालं असतं. पण तो शांतपणे उठला आणि कामाला गेला. त्या दिवसापासून तो लाँचवर खरोखरच गिऱ्हाइकाचं काम असल्यासारखा राबला. गुणगुणणं नाही, आत येऊन बघ म्हणणं नाही. करीमने इंजिन एकदा चालू करून दाखवलं. गल्ली टाळ्या वाजवत होती आणि करीम सिंधुकडे न बघता कापडाने हात पुसत होता.

हॉटेलवाला क्रेन घेऊन आला. लाँच आतून-बाहेरून पाहून खूश झाला आणि वरूनच ओरडला, "बाई, तुम्हीबी या की! मालकानं केबिन लई झकास केली."

नाही म्हणायला सिंधुकडे काही उरलं नव्हतं. ती चढली. पायऱ्या ठेंगण्या होत्या, तिला गुडघ्यावर हात ठेवावा लागला नाही. आत सागवानाचा आणि डांबराचा वास होता. दोन्ही बाजूंना बाकडी, मोठ्या खिडक्या. एका खिडकीपाशी मात्र एक वेगळंच आसन होतं, बाकीच्यांपेक्षा बरंच ठेंगणं, आणि त्यापुढची खिडकीही तेवढीच खाली उतरवलेली.

"हेच एक एवढं बुटकं का केलं हो?" हॉटेलवाल्याने विचारलं.

शेषेराव बाहेर क्रेनच्या दोराकडे बघत होता. "गिऱ्हाइकाच्या मंडळीच्या मापाचं हाय ते."

"मग नेली न्हाई त्यांनी?"

"त्यांला नको झाली."

"आपण ते काढून टाकू. तिथं फ्रीज बसंल. बाई, जरा बसून बघता का, पक्कं हाय का हलतंय?"

सिंधु बसली. तिची दोन्ही पावलं खालच्या फळीवर अलगद टेकली, पूर्ण टेकली. मान उंचावावी लागली नाही की वाकवावी लागली नाही. खिडकी बरोबर तिच्या डोळ्यांसमोर होती. बाहेर गल्लीतला नळ दिसत होता, नळावरच्या बायका दिसत होत्या. तिथे गंगेचं पाणी दिसायचं होतं. आपण त्या दिवशी काय बोललो हे तिला आता कळलं, आणि जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं तिला झालं.

"हलतंय का?"

"न्हाई," ती म्हणाली. "पक्कं हाय."

"उतर आता," शेषेराव म्हणाला. "क्रेनवाला खोळंबलाय." त्याने उतरताना तिला हात दिला.

कुंकवाला हदगावचे सोयरे आले तेव्हा दार चांगलं ऐसपैस मोकळं होतं. तिथे मांडव घालून खुर्च्या मांडल्या होत्या. केवळाबाईने सिंधुला हाताला धरून शेजारच्या खुर्चीवर बसवलं आणि इकडेतिकडे बघत म्हणाली, "विहीणबाई, नेली का हो त्या येड्यानं त्याची लाँच?"

सिंधुला एरवी पाय साडीत लपवायची सवय होती. आज तिने लपवले नाहीत.

"गेली," ती म्हणाली. "पर येडं नव्हतं हो ते. लई भला माणूस होता. मलाच वळखला न्हाई." तिचा आवाज फुटला आणि केवळाबाईला वाटलं, लेक जाणार म्हणून आईचं मन भरून आलं.

मागे शेषेराव पाण्याच्या गिलासांचा ट्रे घेऊन उभा होता. रीत पाहुण्यांना आधी द्यायची. त्याने पहिला गिलास उचलून सिंधुपुढे धरला. तिने तो दोन्ही हातांनी घेतला. मान वर करून त्याच्याकडे बघणं तिला जमलं नाही. ती खाली, जमिनीपासून वर राहिलेल्या आपल्या पावलांकडे बघत पाणी पीत राहिली.