सहाची मेणबत्ती, नवाच्या केकवर

मी सहाची मेणबत्ती बोलतेय. इंग्रजी सहाच्या आकाराची, गुलाबी, कडेला चंदेरी चमकी लावलेली. तुम्ही मला कुठल्या तरी केकवर पाहिलं असेल. म्हणजे फोटोपुरतं. फोटो झाला की माझ्याकडे कोणी बघत नाही.

आधीच सांगून ठेवते, मेणाला फारसं काही वाटत नाही. ऊन लागलं की मऊ पडायचं, गार झालं की घट्ट व्हायचं, एवढंच आमचं. तेव्हा माझ्याकडून रडारडीची अपेक्षा करू नका. जे दिसलं, ऐकू आलं, ते सांगते.

माझा जन्म कल्याणजवळच्या एका गाळ्यात झाला. साच्यात मेण ओतणारी बाई मोबाइल खांद्याशी धरून सासूचं बोलणं ऐकत होती आणि दर दोन साच्यांनंतर ‘हो आई, हो आई’ म्हणत होती. माझ्यात वात सोडली गेली तीही अशाच एका ‘हो आई’वर. पायाला प्लास्टिकची काडी बसली आणि मी कल्याणच्या घाऊक बाजारात गेले.

तिथून मला हेमाने उचललं. बरोबर तिची नणंद होती, क्षिप्रा. तेव्हा ती कॉलेजात होती आणि दुकानदाराशी भांडायला कायम तयार.

“वहिनी, आकडा कशाला? साध्या घे, स्वस्त पडतील.”

“फोटोत कितवा ते कळायला नको? आकडा मिरवायला, साध्या फुंकायला. आकडा पेटवायचाच नाही, म्हणजे पुढे कुणाला तरी होईल.”

डोंबिवली पश्चिमेला, कोपर स्टेशनच्या बाजूला त्यांचं घर. हेमा, तिचा नवरा साकेत, त्यांची कादंबरी, क्षिप्रा आणि साकेतचे वडील त्र्यंबकराव. हेमाने लेकीचा वाढदिवस कधी बाहेर केला नाही. कुकरची शिट्टी काढून त्यात बिस्किटांचा केक. भिंतीला निळी ओढणी, तिच्यावर कागदी चांदण्या. सुटे वेफर्स, घरचे समोसे, रसना. खुर्च्या कमी म्हणून संगीत-खुर्ची उशांवर. निघताना प्रत्येकाच्या हातात रिबिनीने बांधलेली पेन्सिल आणि खोडरबर. पोरं खूश असायची. कमी वाटायचं ते मोठ्यांनाच.

“हॉल नाही घेतला?” एका मावशींनी विचारलंच.

“हॉलमध्येच तर आहोत मावशी. बसा ना,” हेमा म्हणाली.

त्या सहाव्या वाढदिवसाला मी पहिल्यांदा केकवर उभी राहिले. शेजारी एक बारीक साधी मेणबत्ती पेटलेली. सगळे ओरडले, “फुंक, कादू, फुंक!”

कादंबरीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. एकदम घट्ट. ती रडली नाही, पळाली नाही. नुसती हातांवरून बघत राहिली.

“लाजतेय,” साकेत म्हणाला.

“बरंच आहे,” त्र्यंबकराव म्हणाले. “आपल्यात दिवा लावतात, विझवत नाहीत. पोरीला कळतं, तुम्हालाच कळत नाही.”

ती बारीक मेणबत्ती तशीच जळत ठेवली. ती संपेपर्यंत केक कापून झाला होता.

मला धुऊन, पुसून एका पारदर्शक डब्यात ठेवलं. रिबिनी, टाचण्या, उरलेले फुगे आणि एक जुनी पाचची मेणबत्ती. तिचं डोकं जळून वाकडं झालेलं. कधी, कसं, असं मी तिला विचारायची. ती काही बोलायची नाही.

डबा स्वयंपाकघराच्या फळीवर. तिथून ओटा दिसतो, जेवणाचं टेबल दिसतं, पलीकडे त्र्यंबकरावांच्या खोलीचं दार दिसतं. रोज सकाळी कादंबरीसमोर गरम दूध यायचं. ती फुंकायची नाही. दोन पेल्यांत वरखाली करत बसायची नाहीतर नुसती थांबायची. साय धरायची, शाळेची रिक्षा खाली हॉर्न मारायची, हेमा ओरडायची, “अगं फूं कर आणि पी पटकन!” कादंबरी तोंड भाजून घ्यायची, पण फुंकायची नाही. सातव्याला, आठव्याला तिने आपणहून सांगितलं, मेणबत्ती नको. हेमाला वाटलं, तेवढीच बचत. त्र्यंबकराव आल्यागेल्याला सांगायचे, “आमची नात संस्कारी हो.” मुलगी गप्प झाली की मोठ्यांना ती संस्कारी वाटते. हे मी डब्यातून पाहिलंय.

दरम्यान माझ्या बिल्डिंगभर फेऱ्या चालू होत्या. “हेमा, तुमचा सहा द्या ना.” एकाचा सोळावा, कुणाच्या आजोबांची साठी, तळमजल्यावरच्या जुळ्यांचा सहावा. सगळीकडे मी मिरवले, पेटले कुठेच नाही. मग वरच्या मजल्यावरच्या नीलाताईंच्या महेंद्रला नऊ वर्षं झाली. नीलाताईंनी माझ्या पायाची काडी उपटली, डोक्यात वातीशेजारी टूथपिक खुपसली आणि मला उलटी केली. झाला नऊ! सगळ्यांनी नीलाताईंचं कौतुक केलं. माझी वात क्रीममध्ये बुडालेली होती. तेही मला काही वाटलं नाही.

म्हणून कादंबरीचा नववा आला तेव्हा हेमा म्हणाली, “नवीन कशाला? आपला सहा आहे की.”

वाढदिवसाच्या दुपारी मला टेबलावर काढून ठेवलं. क्षिप्रा आता घोडबंदर रोडच्या एका ऑफिसात लागली होती. हाफ डे घेऊन, दोन बस बदलून आलेली. ती फुगे फुगवत होती. पंप नव्हता. गाल दुखायला लागले तशी तिने एक फुगा कादंबरीकडे टाकला.

“हे घे. बर्थडे गर्ल म्हणून माफी नाही.”

“मी बांधते. तू फुगव.”

“का गं? दम नाही?”

“मी नाही फुंकत.”

“फुग्याला काय होतंय?”

कादंबरीने क्षिप्राचा एक फुगवलेला फुगा ओढून घेतला. मग फुग्याच्या तोंडाला दोरा गुंडाळत, अगदी वाण्याकडून काय आणायचं ते सांगावं तशी म्हणाली, “मी पाचची फुंकली ना, तेव्हा आजी गेली.”

क्षिप्राच्या हातातला फुगा सुटला आणि खोलीभर फिरून पडला.

“कोण म्हणालं असं?”

“आजोबा. ते काका-काकू भेटायला आलेले ना, पांढरे कपडे घालून, त्यांना सांगत होते. पोरीने दिवा विझवला आणि चार दिवसांत घरातला दिवा गेला. मी दाराच्या मागे होते.” मग घाईघाईने, “आत्या, त्यांना ओरडू नकोस हां. ते रडत होते.”

मी फळीवरच्या पाचकडे पाहिलं. ती डब्यातच होती. अजूनही गप्प.

क्षिप्रा उठली ती सरळ आतल्या खोलीत. दार लावलं, पण या घरातली दारं आवाज अडवत नाहीत.

“मी? मी असं कधी म्हटलं?” त्र्यंबकरावांचा आवाज.

“आई गेली तेव्हा. पाहुण्यांसमोर.”

“म्हटलंही असेल. दुःखात माणूस काहीही बोलतो, क्षिप्रा.”

“तुम्ही बोललात आणि विसरलात, बाबा. ती विसरली नाही. पोरगी चार वर्षं दूध फुंकून प्यायली नाही, आणि तुम्ही तिला संस्कारी म्हणता!”

“आवाज खाली कर. मी वडील आहे तुझा.”

“म्हणूनच सांगतेय. दुःख तुमचं, आणि वाहायचं तिने? डॉक्टरांनी सांगितलं होतं आईच्या हृदयाचं. ते कुणी सांगितलं तिला? तिला कुणी काही सांगितलंच नाही. कारण लहान आहे!”

“क्षिप्रा, आज नको गं, पोरं यायला लागली,” हेमा दाराशी येऊन म्हणाली.

“वहिनी, आजच.”

 क्षिप्रा बाहेर आली, तोंडावर पाणी मारलं आणि उरलेले फुगे फुगवायला बसली.

पोरं आली. औक्षण झालं. हेमाने निरांजन ओवाळलं तेव्हा कादंबरीने श्वास रोखून धरला, ज्योत बाजूला जाईपर्यंत. यंदा क्षिप्रा ते बघत होती. मला केकवर डोक्यावर उभं केलं. नऊ. क्षिप्राने काडी पेटवली आणि माझ्याभोवती फिरवली.

“वात कुठाय हिची?”

“खाली आहे,” महेंद्र म्हणाला. “माझ्या वाढदिवसाला पण अशीच होती. सुलटी करा, पेटेल. पण मग सहा होईल.”

“कादू सहा वर्षांची! कादू बालवाडीत!” पोरं खिदळली.

“राहू दे, नाही पेटवली तरी चालेल,” हेमा म्हणाली.

तेवढ्यात त्र्यंबकराव बाहेर आले. त्यांनी मला केकमधून उपटलं. धोतराच्या सोग्याने माझ्या वातीचं क्रीम पुसलं, टूथपिक काढून पायाला लावली आणि मला सरळ उभं केलं. मग क्षिप्राच्या हातून काडेपेटी घेतली.

पहिल्यांदाच पेटले. तुम्हाला वाटेल, मोठा क्षण. खरं सांगायचं तर आधी थोडं करपलं, क्रीमचा वास आला, मग लागली ज्योत.

“कादंबरी, ही मी लावलीय,” ते म्हणाले. “तू विझव. काय व्हायचं ते माझं होईल.”

“बाबा!” क्षिप्रा ओरडली.

कादंबरीचे हात तोंडावर गेले. म्हाताऱ्याला कळलं, आपण पुन्हा तेच केलं. ते गडबडले. “नाही, नाही. काही होत नाही गं. काही होत नसतं. तुझी आजी आजारी होती. मी वेड्यासारखं बोललो. हे बघ, मीच विझवतो.”

ते वाकले आणि फुंकले. कवळीतून नुसती शिट्टी वाजली. मी हलले, विझले नाही. पुन्हा फुंकले, पुन्हा शिट्टी. पोरं हसून लोळायला लागली. त्र्यंबकरावांना खोकला आला. हसली नाही ती एकटी कादंबरी. तिने आजोबांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. गुलाबी मेण केकवर ठिबकत होतं. मग तिने हात खाली घेतले आणि फुंकर मारली. लहानशीच. पुरली.

टाळ्या झाल्या. तिने वाजवल्या नाहीत. ती आजोबांच्या शेजारी जाऊन बसली, त्यांच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरून. समोसाही तिथेच एका हाताने खाल्ला. संगीत-खुर्ची तिच्याविना झाली.

आता मी परत डब्यात आहे. माझा माथा वितळून एका बाजूला कललाय, चमकी काळी पडलीय. नऊ म्हणून मला आता कोणी नेणार नाही. सहा म्हणूनही नेतील की नाही, माहीत नाही. पाच शेजारी आहे. आता आम्ही सारख्या दिसतो.

माझी एकच विनंती आहे. वाढदिवस कितीही स्वस्तात करा. ओढणी लावा, उशांवर खेळा, एक आकडा दहा घरांत फिरवा. पण मोठ्यांनो, दुःखात तोंडाला येईल ते बोलण्याआधी दारामागे कोण उभं आहे ते बघा. आणि तुम्ही दारामागे असाल, तर बाहेर या आणि विचारा.

त्या दिवसानंतर कादंबरी रोज उठली की आधी आजोबांच्या खोलीत जायची. दाराशी उभी राहून त्यांचं पांघरूण वरखाली होतंय का ते बघायची. मग इथे येऊन दुधासमोर बसायची. थांबायची.

आज तिला उठायला उशीर झाला. खाली रिक्षा हॉर्न मारत होती. आजोबांच्या खोलीकडे न जाता ती धावत इथे आली, एका पायात मोजा घातलेला, दुसरा हातात. दूध उकळतं होतं. तिने पेला उचलला आणि फुंकर मारली. साय एका बाजूला सरकली.