घाटाकडची खिडकी

मित्रांनो, मी सागवानी लाकडाची एक जुनी खिडकी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी लोणावळ्यात रेल्वेच्या शेडमध्ये काम करणाऱ्या कादरने मला अंबाजी सुताराकडून करवून घेतलं, तेही बायकोसाठी. खुर्शीदाला दमा होता. माझ्या झडपा बाहेर उघडत आणि घाटाकडचा वारा थेट तिच्या खाटेवर येई. आल्यागेल्याला ती सांगे, "हकीम न्हाई, वैद्य न्हाई. माझं औषध ही खिडकी." मी फुगून जाई. कौतुक कुणाला नको असतं?

मग शेजारच्या मोकळ्या जागेत मुंबईचे एक शेठ बंगला बांधायला आले. डॉक्टरांनी त्यांना हवापालट सांगितला होता. बंगल्यामागे घोड्यांची पागा हवी होती आणि तिची भिंत माझ्यापासून वीतभर अंतरावर येणार होती. शेजाऱ्याची हवा अडते, म्हणून परवाने देणाऱ्या कमिटीने नकाशा नामंजूर केला. कादरने गल्लीत साखर वाटली. भोळा माणूस. आपल्या बाजूने झालं म्हणजे संपलं, असं त्याला वाटलं.

शेठनी वरच्या साहेबांकडे अपील केलं. कादरला कुणी कळवलं नाही. शेठचे घोडे सांभाळणाऱ्या मोतद्दाराने, कान्हूने, जाता जाता सांगितलं, म्हणून तो रजा टाकून सुनावणीला गेला. परत आल्यावर माझ्याशेजारी बसून तो खुर्शीदाला सांगू लागला.

"म्या म्हनलं, सायेब, भिंत माझ्या खिडकीपुढं येतीय, माझं ऐका. तर म्हनले, अर्ज शेटचा, नकार कमिटीचा. ह्यात तू कोन?"

"आन् कमिटीवाले?"

"त्ये म्हनले, आता आमची काय हरकत न्हाई."

खुर्शीदा हसली, आणि मग बराच वेळ खोकत राहिली.

भिंत झटपट उभी राहिली. माझ्या झडपा वीतभर उघडून तिच्यावर आपटू लागल्या. खुर्शीदा फटीतून हात घाली आणि गिलावा चाचपून पाही. थंडी सरायच्या आत ती गेली. शेठ मनाने वाईट नव्हते. तिचा जनाजा निघाला, त्या दिवशी त्यांनी पागेचं काम दुपारपर्यंत बंद ठेवलं.

कादरने मला काढलं, भोक विटांनी बुजवलं आणि मला अंगणात टाकून दिलं. कान्हूने मला उचलून नेलं आणि पागेत घाटाच्या बाजूला बसवलं. वाईट वाटलं का, म्हणता? त्या कोंदट घरातून सुटले, याचाच मला आनंद झाला.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंची निगा राखा, अशी विनवणी मी करणार नाही. माझी निगा उत्तम राखली जाते. बिजागऱ्यांना तेल मिळतं, झडपांना वार्निश. शेठ रोज सकाळी येतात, घोड्याच्या मानेवरून हात फिरवतात आणि कान्हूला बजावतात, "खिडकी बंद करू नकोस. कोंडलेल्या हवेत जनावर जगत नाही."

"व्हय शेट," कान्हू म्हणतो आणि मला सताड उघडतो.