आधी लेकरांचं

बटण झग्याच्या पांढऱ्यापुढं जरा पिवळटच दिसत होतं – शिवताना कसं नाही कळलं, कोण जाणे... सेनेतिमानं ते अंगठ्यानं घासून पाहिलं आणि झगा पुन्हा खुंटीला अडकवला. ऑक्टोबरातल्या पांढऱ्या रविवारसाठी, लेकरांच्या सणासाठी, नातीचा, लोसाचा झगा दरवर्षी तीच शिवायची. यंदा लोसा तिच्या आईकडं, ऑकलंडला, आणि तरी हातांनी आपलं काम केलंच. वर मापही अंदाजानं वाढवलेलं. मेले हे हात, त्यांना कोण सांगणार!

सकाळी चर्चमध्ये गावातली सगळी पोरं पांढऱ्या कपड्यांत उभी राहून पाठ केलेली वचनं म्हणत होती, आणि कुणी अडखळलं की बाकांवरच्या आया ओठांतल्या ओठांत पुढचा शब्द पुरवत होत्या. सेनेतिमाचेही ओठ हलले – कुणासाठी? त्या ओळीत माझं कुणीच नाही, हे ध्यानात आलं तशी ती हातातल्या पंख्यानं जोरजोरात वारा घेऊ लागली.

आता घरात चटईवर, केळीच्या पानावर, सगळं मांडून झालं होतं – भाजलेली कोंबडी, नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं, कोकोचा गोड भात. या दिवशी लेकरांनी आधी बसायचं, मोठ्यांनी वाढायचं, माश्या हाकायच्या, आणि लेकरांचं झाल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही. घरात लेकरूच नसेल तर मोठ्यांनी कधी जेवायचं, हे मात्र कुणी सांगून ठेवलेलं नाही. शेजारची सिनिवा जास्वंदीच्या कुंपणावरून डोकावून गेली. एवढं रांधलंस, पाद्रीबाबा येतायत की काय, असं विचारून वर म्हणाली, "माझी सहा आहेत. एखादं घेऊन जा की. जेवू घाल आणि ठेवूनच घे."

सेनेतिमा हसली, नको गं म्हणाली. थट्टाच ती, पण क्षणभर खरंच एखादं उचलून आणावंसं वाटलं होतं, कुठलंही, आणि मग स्वतःचाच इतका राग आला... तान्ही असल्यापासून मी वाढवलेली पोर, तिच्या पानावर कुणालाही कसं बसवायचं? चर्च सुटलं की फोन करते, असं लोसाची आई, वायोला, म्हणाली होती. लोसा तिकडं जेवली हे लेकीच्या तोंडून कळलं की आपणही दोन घास खायचे, असं सेनेतिमानं ठरवून टाकलं होतं. तोवर माश्या हाकत बसायचं. उद्याही सुट्टीच, घाई कसली.

फोनवर थेट लोसाच आली. ती मम्मीबरोबर हॉटेलात जेवली होती, तिथं आपलं आपण ताटात घ्यायचं असतं, आइस्क्रीमसुद्धा, हवं तेवढं. आणि मम्मीला भूक लागली होती म्हणून ती आधीच जेवली. हे सगळं एका दमात.

"आणि तुला कुणी वाढलं नाही?"

"मी घेतलं ना, आजी."

"रडलीबिडली नाहीस ना गं?"

"नाही. तूच म्हणाली होतीस ना, रडायचं नाही. तू जेवलीस?"

"जेवले," सेनेतिमा म्हणाली.

म्हणालेच होते मी. विमानतळावर तिचा दंड घट्ट धरून – रडायचं नाही, तिथं मजा आहे – आणि पोरीनं तोंडाशी आलेला हुंदका माझ्यादेखत गिळला होता, गुणी पोर ती... सुखात आहे. रोजच्या प्रार्थनेत दुसरं काय मागत होते मी? मग बरं का वाटत नाही? आणि तिला एकदम कळलं, की सकाळपासून तिला पोरीचं रडू ऐकायचं होतं. थोडंसंच. घास उतरत नाही आजी, एवढं जरी म्हणाली असती तरी चाललं असतं.

ती चटईवर सरकली आणि लोसाच्या पानावर बसली. माश्या हाकायला कुणी नव्हतं. तिनं कोंबडीचा तुकडा मोडला, मग भात, मग पुन्हा कोंबडी. सपाटून भूक लागली होती आणि सगळं झालंही होतं चवदार. आता लाज वाटेल, आता वाटेल, म्हणून ती खाता खाता वाट पाहत राहिली, पण वाटेना.