गळ्याभोवतीचा हात

चर्चच्या मागच्या हॉलमध्ये आठवड्यातून तीन दिवस ज्युदो चालायचं. शिकवणारे मास्तर दिवसा बस डेपोत मेकॅनिक होते. त्यांचा एक नियम नव्या माणसाला चमत्कारिक वाटे. झुंजीआधी समोरच्यासाठी मोठ्यानं प्रार्थना करायची. त्याचं अंग धड राहो, एवढं प्रभूकडे मागितल्याशिवाय कोणी कोणाला हात लावायचा नाही.

ती बेकरीत मैदा मळायची. मनगटं दणकट होती. तीन वर्षं इथं शिकत होती. एकदा मास्तरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, की तो ट्रकचालक शिक्षा भोगून सुटलाय आणि तुरुंगात कैद्यांना भेटायला जाणाऱ्या पाळकांनी त्याला इकडे पाठवायचं ठरवलंय. चार वर्षांपूर्वी पिऊन गाडी चालवताना त्यानंच तिच्या धाकट्या भावाला चिरडलं होतं. तू नाही म्हणालीस तर तो येणार नाही, असं मास्तर म्हणाले.

"येऊ दे," ती म्हणाली. "चर्चचं दार आहे, माझ्या बापाचं नाही."

पण तो दारात उभा राहिला, तेव्हा ती पाठ फिरवून मॅटच्या पलीकडच्या टोकाला गेली.

महिनाभर ती त्याच्याशी अवाक्षर बोलली नाही. तेवढ्या काळात तो पडायला शिकला, सुटायला शिकला, हार मानायची तर मॅटवर दोनदा थाप मारायची हेही शिकला. मग एके दिवशी तिनंच त्याच्याशी झुंज मागितली. मास्तरांचं मन होईना, पण ती हट्टाला पेटली होती. शेवटी ते मॅटच्या कडेला गुडघ्यावर बसले.

त्यानं खाली बघत तिच्यासाठी प्रार्थना केली. तिनं पाढे म्हणावेत तशी उरकली.

दुसऱ्याच मिनिटाला तिनं त्याला आपटला, मागून विळखा घातला आणि त्याच्याच कॉलरनं गळा आवळला. आता थाप येईल म्हणून ती थांबली. थाप आली नाही. त्याचा उजवा हात मोकळा होता, पंजा उघडा, मॅटवर नुसता पडलेला. तो धडपडतही नव्हता.

तिला कळलं. आणि कळूनही तिनं आणखी आवळलं.

"सोड," मास्तर ओरडले आणि पुढे झेपावले. ते पोचायच्या आत तिचीच बोटं सुटली. तो कुशीवर वळून खोकत राहिला.

"थाप का नाही मारलीस?" तिनं विचारलं.

"वाटलं, तुमचा हक्क आहे."

"मरायचं असेल तर माझ्या हातून नाही." तिचा आवाज फाटला होता. "देवापुढे उभं राहून तुझं भलं मागितलंय मी. खोटं का होईना, मागितलंय."

मास्तरांनी तिथंच वर्ग संपवला. चूक आपली आहे, झुंज लावायलाच नको होती, असं ते दोघांनाही म्हणाले.

घरी तिनं आईला सगळं सांगितलं. आई कपड्यांच्या घड्या घालत होती.

"मी असते तर सोडला नसता," आई म्हणाली आणि तोंडाला पदर लावून रडू लागली. ती आईजवळ बसून राहिली. आईला समजवायला गेली नाही.

पुढचे दोन वर्ग तिनं चुकवले. तिसऱ्याला गेली, तेव्हा तो एकटाच मॅट पुसत होता. तिनं दुसरं फडकं घेतलं आणि पलीकडच्या टोकापासून सुरुवात केली.